ठिणगीची वेळ : जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या इंजिनातील कालदोष व त्यांची दुरुस्ती

चेन्नईच्या बंदरासमोर जॉर्ज टाउन हा जुना व्यापारी भाग पसरलेला आहे. ज्यास एके काळी ब्लॅक टाउन म्हणत तोच हा भाग. येथील प्रत्येक गल्लीचा व्यापार ठरलेला आहे. अँडरसन रस्त्यावर कागद, गोडाउन रस्त्यावर कापड, लिंगी चेट्टी आणि सेंबुदास या रस्त्यांवर लोखंडी सामान व यंत्रे. तंबू चेट्टी रस्त्यावरील काळिकांबाळ देवालयात इ. स. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दर्शनास आले होते, अशी तेथील परंपरा आहे. या भागाच्या दक्षिण टोकास पॅरी कंपनीची इमारत असून त्यावरून तो चौक पॅरीज कॉर्नर या नावाने ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी या कंपनीचे एक संचालक यॉर्क हे अड्यारहून आपल्या कचेरीत मोटारीने येत असत. मद्रासच्या रस्त्यांवर दिसलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी ती एक होय.

त्या काळच्या मोटारीत सुकाणूच्या चाकाजवळ एक लहानसा दांडा असे. इंजिनाचा वेग वाढला म्हणजे चालकाने तो दांडा सरकवून ठिणगी लवकर पाडावयाची आणि इंजिन मंदावले म्हणजे ती उशिरा आणावयाची, अशी रीत होती. इंजिन हाताने फिरवून सुरू करण्यापूर्वी दांडा मागे घ्यावयास जो विसरे, त्याच्या हातातील हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याचा धोका असे. मद्रासच्याच सिम्पसन कारखान्यात सॅम्युएल ग्रीन यांनी १९०३ साली वाफेवर चालणारी मोटार तयार केली. तिला ही चिंता नव्हती, कारण वाफेच्या यंत्रात ठिणगी लागतच नाही. परंतु पेट्रोलच्या इंजिनाने वाफेला मागे टाकले आणि ठिणगीच्या वेळेचा प्रश्न कायमचा येऊन बसला. पुढे तो दांडा नाहीसा झाला व त्याचे काम डिस्ट्रिब्यूटर नावाच्या एका डबीकडे आले. ही डबी नीट काम करीत आहे तोवर मालकास तिची आठवणही होत नाही. ती बिघडली म्हणजे मात्र भल्या कारागिरासही ती चकवते.

अशा एका मोटारीचे उदाहरण घेऊन हा विषय पाहू. समजा, जॉर्ज टाउनमधील एका गृहस्थाने दोन आसनांची जुनी ट्रायम्फ स्पिटफायर विकत घेतली. ही मोटार इंग्लंडात १९६२ साली निघाली. मद्रासजवळ वंडलूर येथील स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात १९६१ पासून तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड ही तिचीच सख्खी बहीण. दोघींची आकृती इटलीच्या मिकेलोत्ती यांनी रेखाटली, दोघींचा सांगाडा एकाच जातीचा आणि इंजिनही एकाच घराण्याचे. हेरल्डचे इंजिन ९४८ घन सेंटिमीटरचे व स्पिटफायरचे ११४७ घन सेंटिमीटरचे, तरी दोन्हींत दट्ट्याची धाव ७६ मिलिमीटरच आहे. म्हणून चेन्नईतील ज्या जुन्या कारागिरांचे हात हेरल्डवर बसलेले आहेत, त्यांना स्पिटफायर परकी वाटत नाही. शहराच्या उत्तरेस शोलावरम येथे युद्धकाळातील विमानांची धावपट्टी होती. तिच्यावर मोटारींच्या शर्यती अनेक वर्षे होत असत.

या मोटारीच्या तक्रारी अशा आहेत. सकाळी ती सुरू होते, परंतु तापल्यावर पुन्हा सुरू करू गेल्यास स्टार्टर अडखळतो आणि इंजिन उलटा हिसका देते. बेसिन ब्रिजच्या चढावर वरच्या गिअरात पेट्रोलचे पायडल दाबले की आतून टणटण असा आवाज येतो. मोकळ्या रस्त्यावर मात्र वेग वाढू लागताच तिची ओढ संपते व दूर गेल्यास पाणी तापते. विकणाऱ्याने कार्बोरेटरला दोष दिला होता. जुन्या मोटारीत सर्वांत आधी कार्बोरेटरच उघडला जातो, आणि पुष्कळदा विनाकारण.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पहिल्या दोन तक्रारी ठिणगी फार लवकर पडते असे सांगतात, तर तिसरी ती फार उशिरा पडते असे सांगते. दोन्ही एकाच इंजिनात कशा असू शकतील? याचे उत्तर शोधण्यापूर्वी ठिणगीची योग्य वेळ म्हणजे काय हे समजले पाहिजे.

ठिणगी आधी का पडावी लागते

जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली सिद्ध केलेल्या चार धावांच्या इंजिनात दट्ट्या एकदा खाली येऊन हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो, वर जाऊन ते दाबतो, ज्वलनाच्या दाबाने पुन्हा खाली ढकलला जातो आणि शेवटी वर येऊन धूर बाहेर लोटतो. या चार धावांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट एका साखळीने क्रँकशाफ्टला जोडलेला असून तो निम्म्या वेगाने, म्हणजे तेवढ्या वेळात एकच फेरा फिरतो.

मिश्रण दाबले गेले की ठिणगी पडते. परंतु ते बंदुकीच्या दारूप्रमाणे एकदम उडत नाही. प्लगजवळ एक लहानशी ज्योत उत्पन्न होते आणि ती कोठीभर पसरत जाते. यास स्थूलमानाने दोन सहस्रांश सेकंद लागतात. हा काळ क्षुल्लक वाटेल, पण मिनिटास १००० फेऱ्यांच्या वेगाने फिरणारा क्रँकशाफ्ट तेवढ्यात १२ अंश वळतो आणि ३००० फेऱ्यांना ३६ अंश वळतो. ज्वलनाचा सर्वांत मोठा दाब दट्ट्या माथ्यावरून नुकताच खाली निघाला असताना, म्हणजे माथ्यानंतर सुमारे १२ ते १५ अंशांवर मिळाला तर ढकलण्याचे काम उत्तम होते. त्यासाठी दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या आधीच ठिणगी पाडावी लागते, आणि वेग जितका अधिक तितकी ती अधिक आधी. प्रत्यक्षात हे प्रमाण सरळ चढत नाही. वेगाबरोबर मिश्रणाची घुसळण वाढते व ज्योतही अधिक वेगाने धावते. म्हणून साध्या इंजिनात ही आघाडी पूर्ण वेगातही ३० ते ३५ अंशांच्या आसपास थांबते.

ठिणगी उशिरा पडली तर दट्ट्या खाली पळत असताना त्याच्यामागून ज्वलन चालू राहते. उष्णतेचे काम होण्याऐवजी ती सिलिंडरच्या भिंतींत, धुराच्या झडपेत व पाण्यात जाते. मोटार सुस्त होते, पेट्रोल अधिक खाते आणि तापते. एवढ्याने सहसा मोठी मोडतोड होत नाही.

ठिणगी फार लवकर पडण्याचा परिणाम अधिक घातक आहे. दट्ट्या वर येत असतानाच दाब वाढू लागतो. कोठीच्या दूरच्या कोपऱ्यात अद्याप न जळलेले मिश्रण एकीकडून दट्ट्या व दुसरीकडून पसरती ज्योत यांच्यामध्ये चेपले जाऊन इतके तापते की, ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटते. त्यातून निघालेल्या दाबाच्या लाटा कोठीत सेकंदास हजारो वेळा आपटतात. चढावर ऐकू येणारी टणटण ती हीच. कारागीर तिला नॉकिंग म्हणतात. या लाटा दट्ट्याच्या माथ्यावरील वायूचा शांत, संरक्षक थर झाडून टाकतात व धातू उघडा पडून तापतो. असे इंजिन दिवसचे दिवस जोराने चालविल्यास दट्ट्याच्या रिंगांमधील कडा तुटतात, नाहीतर माथ्यास भोकच पडते. ज्या गाडीचे दट्टे परदेशातून मागवावे लागतात, तिच्या मालकाने हा आवाज रेडिओ मोठा करून बुडवू नये.

तपासाचा क्रम

ठिणगीकडे वळण्यापूर्वी इंजिन श्वास नीट घेते की नाही हे पाहावे. चारही प्लग काढून, पेट्रोलचे पायडल पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकाने मोजावा. एकातच दाब कमी असेल तर झडप, रिंग किंवा गास्केट यांचा दोष समजावा. चारही सिलिंडरांत सारखाच कमी असेल तर सर्व रिंगा झिजल्या असतील, अथवा झडपांची वेळ चुकली असेल. यांतील भेद ओळखण्याची युक्ती सोपी आहे. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन तेल सोडून पुन्हा मोजावे. तेलाने रिंगा बंद होऊन दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर साखळीचा संशय घ्यावा.

झडपांची वेळ साखळीवर अवलंबून असते. समजा, कॅमशाफ्टच्या चक्रास ४० दाते आहेत. साखळी एका दात्याने चुकीची बसली तर कॅमशाफ्ट ९ अंश चुकतो, आणि क्रँकशाफ्टच्या मापाने पाहता १८ अंश. हवेची झडप तितकी उशिरा मिटली तर दबावयाचे मिश्रण आलेल्या वाटेनेच परत जाते. नुसती झिजून लांबलेली साखळीही कॅमशाफ्टला काही अंश मागे पाडते. या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टवरूनच फिरत असल्यामुळे ठिणगीही त्याच्याबरोबर मागे पडते. म्हणून सैल साखळी तशीच ठेवून केवळ डिस्ट्रिब्यूटर फिरविणे हे अर्धेच काम होय.

झडपांची वेळ पाहण्याची या इंजिनाची पद्धत मोठी सुबक आहे. त्यात सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात. पहिला सिलिंडर दाबाच्या धावेच्या माथ्यावर असतो तेव्हा चौथ्याचा धूर बाहेर जाऊन त्याची हवेची झडप उघडू लागलेली असते, म्हणजे त्याच्या दोन्ही झडपा किंचित उघड्या असतात. कॅमची आखणी दोन्ही बाजूंस सारखी असल्याने त्या समान उघड्या असावयास हव्यात. सातव्या व आठव्या झडपेच्या टॅपेटची फट आधी मुद्दाम मोठी व समान करून घेतली, तर ही समानता फिलर गेजने मोजता येते. फरक आढळल्यास साखळीचे चक्र काढून बसवावे लागते. येथे रचनाकाराने एक चातुर्य केले आहे. चक्राची चार भोके दात्यांच्या मानाने किंचित बाजूस पाडलेली आहेत. चक्र चतुर्थांश फिरवून बसविले तर अर्ध्या दात्याचा फरक पडतो, पाठपोट उलटे केले तर पाव दात्याचा. काम झाल्यावर टॅपेटच्या फटी पुन्हा पुस्तिकेप्रमाणे कराव्यात. या इंजिनासाठी थंड असताना ०.०१० इंच ही फट दिलेली आहे.

टॅपेटची फट भारतातील जुन्या मोटारींना आणखी एका कारणाने पाहावी लागते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते. पूर्वी शिशाचा पातळ थर झडपेच्या बैठकीचे रक्षण करी. तो गेल्यावर जुन्या मऊ बैठका जोरदार चालविण्याने झिजतात, धुराची झडप वर सरकते आणि फट नाहीशी होते. झडप पुरती मिटेनाशी झाली की ती जळते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने नॉकिंग रोखण्याचा गुण वाढतो हे खरे, परंतु तेवढ्याच जेटमधून मिश्रण पातळ होते आणि जुने रबरी पाइप व गास्केट खराब होतात. पातळ मिश्रणाची सुस्ती ठिणगीच्या उशिरासारखीच भासते. म्हणून शंका असल्यास कार्बोरेटरकडे पाहावे, पण शेवटी.

यानंतर डिस्ट्रिब्यूटर. त्याचे झाकण काढल्यावर पॉइंट दिसतात. हे पॉइंट ज्या क्षणी उघडतात त्याच क्षणी कॉइलमधील प्रवाह तुटून ठिणगी पडते. त्यांची फट ०.०१५ इंच असावी. फट मोठी असल्यास पॉइंट लवकर उघडतात, लहान असल्यास उशिरा. यावरून दोन गोष्टी निघतात : फट ठरविण्यापूर्वी वेळ ठरविणे व्यर्थ आहे, आणि पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजत गेली की ठिणगी आपोआप मागे पडते.

आता रोटर बोटांनी फिरवून सोडावा. तो स्प्रिंगने झटकन मागे यावयास हवा. आपल्या उदाहरणातील मोटारीत तो हलतच नाही, आणि येथे दोन विरुद्ध तक्रारींचे कोडे सुटते. डिस्ट्रिब्यूटरच्या तळाशी दोन लहान वजने असतात. वेगाबरोबर ती केंद्रापासून दूर फेकली जातात व पॉइंट उघडणारा कॅम पुढे सरकवितात. जुन्या काळी चालक दांड्याने जे करी ते काम ही वजने करतात. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या या गाडीत ती गंजून चिकटली होती. वेग वाढला तरी ठिणगी पुढे जाईना. कोणीतरी कारागिराने वेगातील ही सुस्ती घालविण्यासाठी डिस्ट्रिब्यूटरच पुढे फिरवून ठेवला. सुस्ती थोडी कमी झाली, पण मंद वेगात ठिणगी फारच लवकर पडू लागली. म्हणून उलटा हिसका व चढावरील टणटण आली. वेगात लागणारी पूर्ण आघाडी मात्र तरीही मिळाली नाही. एका दोषावर दुसरा दोष बसवून केलेली ही दुरुस्ती जुन्या गाड्यांत वारंवार आढळते.

वजने काढून, गंज साफ करून, पातळ तेल देऊन ती मोकळी करावीत. दोन्ही स्प्रिंगा त्याच प्रकारच्या आहेत का ते पाहावे. त्या बहुधा मुद्दाम कमीजास्त ताकदीच्या असतात, म्हणून जोडीने सारख्या बदलू नयेत. दांडा बाजूस हलवून पाहावा. त्याचा बुश झिजला असेल तर पॉइंटची फट प्रत्येक सिलिंडरला निराळी पडते आणि कितीही जुळविले तरी वेळ ठरत नाही.

खरा माथा शोधणे

पुढची अडचण खुणेची आहे. क्रँकशाफ्टच्या पुलीवरील खूण जुन्या गाडीत विश्वासार्ह असेलच असे नाही, कारण पुली किंवा पुढील झाकण दुसऱ्या इंजिनाचे असू शकते. प्लगच्या भोकातून काडी घालून दट्ट्या सर्वांत वर केव्हा येतो हे पाहण्याची रीत सर्वत्र चालते, पण तिच्यात मोठी चूक होते. ७६ मिलिमीटर धावेच्या इंजिनात क्रँकशाफ्ट माथ्यापासून १० अंश वळला तरी दट्ट्या जेमतेम पाऊण मिलिमीटर उतरतो. २ अंशांत तर तो मिलिमीटरचा तीन शतांश भागच सरकतो. काडीवर हे कोणास दिसणार?

खात्रीची पद्धत निराळी आहे. दट्ट्या थोडा खाली असताना प्लगच्या जागी एक टोकदार बोल्ट असा बसवावा की, वर येणारा दट्ट्या माथ्याच्या काहीसा आधीच त्याला टेकून थांबेल. इंजिन हाताने, हळूच फिरवून तो टेकताच पुलीवर खूण करावी. मग उलट दिशेने फिरवून पुन्हा टेकताच दुसरी खूण करावी. दोन खुणांच्या बरोबर मध्ये खरा माथा असतो. या कामी स्टार्टर कदापि वापरू नये, नाहीतर दट्ट्यास बोल्टचे भोक पडेल. मध्यखुणेपासून पुस्तिकेत दिलेले अंश पुलीच्या परिघावर मोजून घ्यावेत. परिघास ३६० ने भागले की एका अंशाची लांबी मिळते.

यानंतर पहिला सिलिंडर दाबाच्या धावेवर आणून, इंजिन नेहमीच्याच दिशेने फिरवीत ती खूण दर्शकाशी आणावी. खूण ओलांडली गेल्यास पुष्कळ मागे जाऊन पुन्हा यावे, म्हणजे साखळीतील सैलपणा हिशेबात शिरणार नाही. बारा व्होल्टच्या लहान दिव्याची एक तार पॉइंटच्या खिळ्यास व दुसरी इंजिनाच्या धातूस लावून इग्निशन चालू करावे. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला राहतो, उघडताच लागतो. डिस्ट्रिब्यूटरची पकड सैल करून तो रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने हळूहळू वळवावा आणि दिवा लागल्याक्षणी पकड आवळावी. या इंजिनात रोटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, म्हणून डिस्ट्रिब्यूटर काट्यांच्या दिशेने वळविल्यास ठिणगी आधी येते.

शेवटची परीक्षा चालू इंजिनावर टायमिंग लाइटने करावी. पहिल्या प्लगच्या तारेस जोडलेला हा दिवा त्या प्लगच्या प्रत्येक ठिणगीबरोबर क्षणभर चमकतो व फिरती पुली जणू स्थिर उभी दिसते. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि इंजिन हळूहळू वाढवावे. खूण संथपणे पुढे सरकली, व वेग कमी होताच परतली, तर वजने मोकळी झाली असे समजावे. खूण एका जागी थरथरत किंवा दुहेरी दिसल्यास बुश अथवा साखळी पुन्हा पाहावी. हे काम करताना पंख्याजवळ सैल बाही किंवा धोतराचा सोगा जाऊ देऊ नये. तसेच जॉर्ज टाउनच्या अरुंद गल्लीतील बंद गाळ्यात इंजिन चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही.

पूर्वी शर्यतीत धावलेल्या मोटारीबाबत एक सावधगिरी आहे. दाब वाढविण्यासाठी तिचे हेड घासलेले असेल अथवा निराळा कॅमशाफ्ट घातलेला असेल, तर पुस्तिकेतील अंश तिला लागू पडत नाहीत. अधिक दाबलेले मिश्रण वेगाने जळते व नॉकिंगची मर्यादा जवळ येते, म्हणून आघाडी कमी ठेवावी लागते. अशा वेळी पुस्तिकेच्या आकड्यापेक्षा दोनतीन अंश मागून आरंभ करून, इंजिन पूर्ण तापल्यावर एखाद्या चढावर वरच्या गिअरात गाडी ओढून पाहावी, आणि एकेक अंश पुढे जावे. टणटण ऐकू आली की तेथून मागे यावे. पेट्रोल दुसऱ्या जातीचे भरल्यास हा प्रयोग पुन्हा करावा लागतो.

नवे पॉइंट बसविले असतील तर त्यांची टाच पहिल्या काही शे किलोमीटरांत बसत जाते व फट कमी होते. सुमारे ८०० किलोमीटरांनंतर झाकण उघडून फट व वेळ दोन्ही पुन्हा मोजावीत, कॅमवर बोटभरही नव्हे, इतके अल्प ग्रीस लावावे, आणि मोजलेले आकडे तारखेसह गाडीच्या वहीत लिहून ठेवावेत. पुढचा कारागीर डिस्ट्रिब्यूटर फिरविण्यापूर्वी ती वही पाहील.